मुलाचा ताबा : कुटुंब न्यायालय धोका कसा जोखते

‘पाच वर्षांपर्यंत मूल आईचे, पुढे बापाचे.’ ‘ज्याचा पगार मोठा त्याला ताबा.’ ‘सुनेने घर सोडले म्हणजे मुलावरचा हक्कही सोडला.’ ही तीन वाक्ये इंदूरच्या मराठी घरांतून आम्ही वारंवार ऐकतो, आणि सांगणारा प्रत्येक जण ती कायद्याची कलमे असल्यासारखी सांगतो. तिन्ही चुकीची आहेत.

बँकेतून सेवानिवृत्त झालेला माणूस म्हणजे कागद वाचणारा माणूस, या समजुतीने मंडळाचे सभासद आपापले कागद आमच्याकडे आणतात. पूर्वी मुदत ठेवीची पावती, वारसनोंद, मृत्युपत्र असे कागद असत. आता अधूनमधून कुटुंब न्यायालयाची नोटीसही असते, आणि ती बहुधा आजोबांच्या हातात असते. आम्ही वकील नाही. सल्ला वकिलाचाच घ्यावा. पण न्यायाधीश नेमके काय शोधत असतात हे घरच्यांना कळले, तर मुलाचे होणारे बरेच नुकसान टळेल, असे आम्हाला वाटते.

आधी त्या पाच वर्षांचा खुलासा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये एवढेच म्हटले आहे की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा ‘साधारणतः’ आईकडे असावा. पाच पूर्ण झाल्यावर मूल बापाकडे जावे असे त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचे कलम १३ सांगते की मुलाचे हित सर्वांत वरचे. आई-बाप दोघांचेही हक्क त्याच्या खाली येतात.

याच कलम ६ चा एक प्रसिद्ध निकाल आमच्या धंद्याशी निगडित आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला आणि पालक म्हणून आईची सही चालावी असे कळवले. बँकेने बापाची सही मागितली. कारण कायद्यात नैसर्गिक पालक ‘वडील, आणि त्यांच्यानंतर आई’ असे लिहिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ साली न्यायालयाने सांगितले की ‘नंतर’चा अर्थ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा घ्यायचा नाही. वडील प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी घेत नसतील, तरी आई पालक ठरते. एका रोख्याच्या फॉर्मवरून देशातल्या सगळ्या आयांचा प्रश्न सुटला. काउंटरवर बसून ‘वडिलांची सही आणा’ म्हणणाऱ्या आमच्या पिढीने हे लक्षात ठेवायला हवे.

शब्दांचाही थोडा घोळ होतो. आपल्याकडे कोर्टाचे कागद हिंदीत असतात. त्यात ‘अभिरक्षा’ म्हणजे ताबा, ‘संरक्षक’ म्हणजे पालक, आणि ‘अवयस्क’ म्हणजे अठरा वर्षांखालचे मूल. १८९० चा जुना ‘पालक व पाल्य’ कायदा हिंदीत ‘संरक्षक और प्रतिपाल्य अधिनियम’ होतो आणि तो आजही पूर्ण जिवंत आहे. पालकत्व आणि ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आईजवळ राहत असले तरी वडिलांचे पालकत्व संपत नाही. तिसरी गोष्ट भेटीची. ताबा ज्याच्याकडे नाही त्याने मुलाला कधी, कुठे, किती वेळ भेटायचे, हे कोर्ट ठरवते. धोक्याचा विचार ताब्याच्या वेळी होतोच, पण खरा बारीक विचार या भेटीच्या अटी ठरवताना होतो.

गुन्हा वेगळा, धोका वेगळा

फौजदारी कोर्ट मागे वळून पाहते : अमुक दिवशी अमुक गुन्हा घडला का, आणि तो संशयापलीकडे सिद्ध झाला का? कुटुंब न्यायालय पुढे पाहते : या मुलाचे उद्या, पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी काय होईल? भूतकाळ तिथे शिक्षेसाठी विचारात घेत नाहीत, अंदाजासाठी घेतात. म्हणून पुरावाही वेगळ्या मापाने मोजला जातो. अधिक शक्य काय आहे, हे पाहणे पुरते. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चे कलम १४ तर अशी मोकळीक देते की वादाचा निकाल लावायला मदत होईल असा अहवाल, जबाब किंवा कागद नेहमीच्या पुराव्याच्या नियमांत बसत नसला तरी न्यायाधीश तो पाहू शकतात. शाळेच्या शिक्षिकेचे पत्र, बालरोगतज्ज्ञाची नोंद, समुपदेशकाचा अहवाल यांना त्यामुळे किंमत येते.

कर्ज मंजूर करताना आम्हीही असाच अंदाज बांधायचो. पण एक फरक फार मोठा आहे. आमच्याकडे चूक दोन प्रकारची होई : बुडव्याला कर्ज दिले, किंवा चांगल्या माणसाला परत पाठवले. पहिली चूक शेवटी खात्यातून निर्लेखित होई, दुसरी कोणाच्या लक्षातही येत नसे. मुलाच्या बाबतीत धोका असताना मूल सोपवले तर इजा होते, आणि धोका नसताना तोडले तर त्याचा बाप किंवा आई जाते. यातली कोणतीच चूक निर्लेखित करता येत नाही. न्यायाधीश एवढे सावकाश, एवढ्या तारखा देत का चालतात, याचे थोडे उत्तर इथे आहे. (सगळे नाही. काही तारखा निव्वळ तारखाच असतात.)

२००८ साली कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात आलेले एक प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. आईचा मृत्यू झाला होता, वडिलांवर हुंडाबळी आणि छळाचा खटला चालू होता, आणि मुलगा आईच्या आई-वडिलांकडे वाढत होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मुलगा वडिलांना द्यायचे ठरवले : नैसर्गिक पालक आहेत, कमावते आहेत, आणि दोष अजून सिद्ध झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय रद्द केले. खटला प्रलंबित आहे म्हणजे वडील दोषी ठरले असे नव्हे, पण मुलाचे हित पाहताना तो खटला नजरेआड करता येत नाही, हा त्यातला मुद्दा. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून त्याचे मन जाणून घेतले आणि तो आजी-आजोबांकडेच राहिला.

पत्नीला मारहाण होते, पण ‘मुलाला तर त्याने कधी हातही लावला नाही’, हा बचाव आपल्याकडे नेहमी पुढे येतो. भिंतीपलीकडून आईचे रडणे ऐकत वाढलेले मूल सुखरूप आहे असे मानणे अवघड आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम २१ दंडाधिकाऱ्यांना मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देण्याचा अधिकार देते, आणि समोरच्याची भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटले तर ती भेट नाकारण्याचाही. ही व्यवस्था लवकर मिळावी म्हणून आहे. मूळ ताब्याचा निकाल पुढे कुटुंब न्यायालयात व्हायचा असतो.

उलट बाजूला, ज्या गोष्टींचा घरात सर्वांत जास्त गवगवा होतो त्यांना कोर्टात फारसे वजन नसते. बायकोचे बाहेर संबंध आहेत, हा त्यातला पहिला आरोप. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले की व्यभिचार घटस्फोटाचे कारण होऊ शकतो, मुलाचा ताबा नाकारण्याचे नव्हे. पगाराचेही तसेच. कमी कमावणाऱ्या आईला पोटगी देववता येते, म्हणून पैशावरून ताबा ठरवावा लागत नाही. मानसिक आजाराचा आरोप सर्रास होतो. तिथे निदानाचे नाव काय यापेक्षा उपचार चालू आहेत का, मुलाचे जेवणखाण, शाळा, औषधपाणी नीट होते का, हे पाहायला हवे. गोव्यातल्या एका दाम्पत्याच्या प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मूल पाच वर्षांखालचे असेल तर आईने स्वतःची लायकी सिद्ध करत बसायचे नाही. ती नालायक आहे हे दाखवण्याचा भार वडिलांवर आहे. उच्च न्यायालयाचा वडिलांच्या बाजूचा आदेश त्या निकालाने फिरवला.

मुलाला विचारतात ते कसे

१८९० च्या कायद्याचे कलम १७ म्हणते की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. वयाचा आकडा कायद्याने दिलेला नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात बोलतात. आई-बाप बाहेर, वकीलही बाहेर. ‘तुला कोण आवडते’ असा प्रश्न शहाणा न्यायाधीश विचारत नाही. सकाळी डबा कोण भरते, अभ्यास कोण घेते, ताप आला तर रात्री कोणाला हाक मारतोस, आवाज चढला की तू कुठे जातोस, अशा गोष्टींतून घर दिसत जाते.

आणि इथेच पढवलेले मूल ओळखू येते. आठ वर्षांचा मुलगा ‘पप्पांनी आमचा मानसिक छळ केला’ असे म्हणाला, तर ते वाक्य कोणाचे हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही. खरे घडलेले सांगणारे मूल अडखळते, मधेच कुत्र्याची गोष्ट सांगते, पण जागा, वास, कपडे असले तपशील त्याच्याकडे असतात. पढवलेल्या मुलाकडे निष्कर्ष असतात. पण ही ओळख प्रत्येक वेळी पटत नाही, मूल घाबरून गप्प बसलेलेही असू शकते. म्हणून समुपदेशक आणि गरज पडल्यास बालमानसतज्ज्ञ यांची मदत घेण्याची तरतूद १९८४ च्या कायद्यात आहे.

एक पालक मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवतो, हाही कोर्टाच्या दृष्टीने धोकाच आहे. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा तोडलेल्या मुलांच्या मनःस्थितीची दखल घेतली होती. पण याचा दुरुपयोगही होतो. मूल खरोखर मार खाऊन बापाला घाबरत असते आणि बाप म्हणतो, आईने भडकावले. भीती कुठून आली याचा शोध घेतल्याशिवाय ‘भडकावले’ हा शिक्का मारू नये, असे आमचे मत आहे.

सगळे किंवा काहीच नाही, असे नसते

घरच्यांना वाटते की निकाल म्हणजे एकाचा विजय. प्रत्यक्षात कोर्टाजवळ मधल्या खूप पायऱ्या आहेत. आरोप गंभीर पण अजून अस्पष्ट असेल तर भेट न्यायालयाच्या आवारातच, समुपदेशकाच्या नजरेखाली, तासभर. तिथून पुढे बागेत किंवा मॉलमध्ये, दिवसा, एखादा नातेवाईक सोबत. दारूचा प्रश्न असेल तर भेटीच्या वेळी प्यायचे नाही ही अट. काही महिने सुरळीत गेले की शनिवार-रविवार, मग रात्रीचा मुक्काम, मग उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुटीची वाटणी. मूल परदेशी नेले जाण्याची भीती असेल तर पासपोर्ट कोर्टात जमा. गाडी रुळावरून घसरली की पुन्हा खालच्या पायरीवर.

भेट पूर्ण बंद करणे हा अपवाद. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अगदी टोकाच्या परिस्थितीतच एखाद्या पालकाला मुलापासून तोडावे, आणि तसे केले तर कारणे लिहावीत. त्याच निकालात रोज पाच-दहा मिनिटे फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलू देण्याचाही विचार आहे. पोटगी थकली म्हणून भेट बंद, किंवा भेट नाही म्हणून पोटगी बंद, हा हिशेब कोर्ट मानत नाही. भेट मुलाची आहे. तिच्यावर पोटगीच्या थकबाकीचा बोजा चढवता येत नाही.

सर्वांत कठीण आरोप लैंगिक अत्याचाराचा. आपल्या पांढरपेशा घरांत दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात : ‘आपल्यात असे होत नाही’ म्हणून दाबणे, किंवा ताब्याच्या भांडणात हत्यार म्हणून काढणे. दोन्हीविषयी २०१२ चा पॉक्सो कायदा स्पष्ट आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची शक्यता ज्याला जाणवली, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. यात आजी, मामा, शिक्षक, शेजारी सगळे येतात. घडलेला गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कोणाला त्रास देण्यासाठी, बदनाम करण्यासाठी मुद्दाम खोटी तक्रार केली तर तीही शिक्षापात्र आहे, मात्र खोटे बोलल्याबद्दल मुलाला शिक्षा नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो.

मुलाने असे काही सांगितले तर घरच्यांनी एकच करावे : शांतपणे ऐकावे, त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवावेत, आणि १०९८ या चाइल्डलाइनला किंवा पोलिसांना कळवावे. मोबाइल समोर धरून ‘परत सांग, नीट सांग, मामालाही सांग’ असे दहादा वदवून घेतलेले रेकॉर्डिंग मुलाला पोळते, आणि कोर्टात खऱ्या तक्रारीलाही पढवल्याचा वास येऊ लागतो.

आता आपल्या समाजाचा खास प्रश्न. सासर इंदूर किंवा ग्वाल्हेर, माहेर पुणे, नागपूर किंवा सांगली. भांडण झाले की मूल रातोरात गाडीत बसते. १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज तिथल्या न्यायालयात करायचा, जिथे मूल साधारणपणे राहते. पंधरा दिवस आजोळी नेऊन ठेवले म्हणजे ते तिथले रहिवासी होत नाही. कायमचे राहायला नेले, शाळेत घातले, तर गोष्ट बदलू शकते. न्यायालय वस्तुस्थिती पाहून ठरवते. मारहाणीतून जीव वाचवून मुलासह माहेरी गेलेली बाई आणि कोर्टाचा आदेश टाळायला मूल पळवणारा माणूस यांत फरक असतो, पण तो दाखवावा लागतो. म्हणून बाहेर पडलेल्या बाईने लगेच तिथल्या पोलिसांत वा न्यायालयात लेखी नोंद करावी. गप्प राहिलेले महिने नंतर तिच्याच विरुद्ध वाचले जातात.

मूल अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून आणलेले असेल तर आणखी गुंता. मूल पळवण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे परदेशी कोर्टाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही, तो विचारात घेण्याची एक बाब ठरतो. २०१७ साली इंग्लंडहून आणलेल्या, हृदयाचा विकार असलेल्या एका मुलीला सर्वोच्च न्यायालयाने आईजवळ भारतातच ठेवले. २०१९ साली हैदराबादच्या एका प्रकरणात मात्र अमेरिकेत जन्मलेली, तिथेच वाढलेली दोन मुले परत पाठवण्याचा आदेश दिला. दोन्हींत प्रश्न एकच होता : या मुलांचे हित कुठे?

आजी-आजोबांविषयी थोडे, कारण हा लेख बहुधा तेच वाचतील. नातवावर आपला वेगळा, आई-बापाच्या बरोबरीचा कायदेशीर हक्क नाही. महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात आईचा कर्करोगाने मृत्यू झाल्यावर मूल मावशीकडे प्रेमाने वाढत होते, तरी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वडिलांना दिले, कारण वडिलांत खोट नव्हती. तरीही आजी-आजोबांचे घर कोर्ट पाहतेच : मूल कोणाच्या हाती राहणार, कामावर गेलेल्या पालकाच्या मागे त्याला कोण सांभाळणार, हा सुरक्षिततेचाच भाग आहे. समुपदेशक घरी आले तर मूल कुठे झोपते, त्याची पुस्तके कुठे आहेत, दुसऱ्या पालकाचे नाव निघताच घरातल्यांचे चेहरे कसे होतात, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. खीर-पुरीच्या पाहुणचाराने अहवाल बदलत नाही. भेटीच्या दिवशी नातवाला वेळेवर नेऊन पोचवणारे आजोबा मात्र त्या अहवालात येतात.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली किंवा पालक व पाल्य कायद्याखाली पुन्हा अर्ज करता येतो. तोपर्यंत भेटीच्या तारखांची, चुकलेल्या भेटींची, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकांची एक फाइल ठेवावी, तारीखवार, शेरे न मारता. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयात असते. जाताना लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्डाच्या दोन-दोन प्रती बरोबर न्याव्यात.